बीपीची गोळी, बेचाळीस किलोमीटर आणि वजनकाटा

मॅरेथॉनच्या नोंदणीचा फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. नाव, वय, टी-शर्टचं माप, किती वेळात संपवाल याचा अंदाज. घोडं पेंड खातं ते ‘सध्या चालू असलेली औषधं’ या रकान्यापाशी. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि काही वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेते. तीही थायझाइड गटातली, म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी काढून दाब उतरवणारी. जानेवारीत ते जसंच्या तसं लिहून फॉर्म पाठवला. आठवड्याभरात आयोजकांचं उत्तर आलं: नोंदणी तात्पुरती स्वीकारली आहे, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, प्रमाणपत्र शर्यतीच्या आधी तीन महिन्यांच्या आतलं हवं, त्यावर डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. शर्यत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होती. म्हणजे कागद जुलैतच घ्यायचा, पण त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या आधीच सुरू करायच्या.

ज्यांना बीपी आहे, ज्यांचा वेग बेताचा आहे आणि ज्यांना ‘भरपूर पाणी पीत जा’ यापलीकडे कुणी काही सांगत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

फेब्रुवारीत डॉक्टरांची वेळ मिळाली. घरात कुणाला हृदयविकार आहे का, धाप लागते का, असं विचारतील या तयारीने गेले होते. तेही विचारलं, पण नंतर. आधी त्यांनी विचारलं, “पाच तास धावणार, त्यात पाणी किती पिणार?”

“मिळेल तिथे पिईन,” मी म्हटलं.

“तसं नका करू,” म्हणाल्या आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायला लिहून दिलं.

सोडियम आलं १३४. रिपोर्टवर योग्य मर्यादा छापली होती १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. एका अंकाने काय बिघडतं, असं मला वाटलं. एरवी बिघडत नाही, डॉक्टरांनी समजावलं, पण धावताना चित्र बदलतं. नेहमी जास्त पाणी प्यायलं की मूत्रपिंडं पातळ लघवी करून ते बाहेर टाकतात. लांब पल्ल्याच्या व्यायामात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, त्यामुळे ते काम मंदावतं. थायझाइड तर मूत्रपिंडाच्या ज्या भागात लघवी पातळ होते तिथेच अडथळा आणतं. दोन्ही एकत्र आले आणि वरून प्रत्येक थांब्यावर दोन-दोन कप पाणी पोटात गेलं, की रक्त पातळ होत जातं, सोडियम घसरतं आणि पाणी पेशींमध्ये शिरून त्या सुजतात. बाकीच्या पेशींना फुगायला जागा असते. मेंदू कवटीत बंद असतो, त्याला नसते.

घरी येऊन वाचत बसले, आणि खरं सांगायचं तर घाबरले. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावकांचं रक्त तपासलं होतं. १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली निघालं, तिघांचं तर १२० किंवा त्याहून कमी. धोका जास्त कुणाला? धावता धावता ज्यांचं वजन वाढलं त्यांना, चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना, आणि अंगाने फार बारीक किंवा फार जाड असलेल्यांना. साधं पाणी प्यायले की खेळाडूंसाठीचं पेय, याने फरक पडला नव्हता. वेगवान धावकाला प्यायला सवड नसते. आमच्यासारखे सावकाश धावणारे प्रत्येक टेबलापाशी थांबतात, दोन शब्द बोलतात, कप रिकामा करतात आणि दुसरा उचलतात.

सल्ला देणारेही एका जागी ठरलेले नव्हते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९६ मध्ये सांगितलं होतं की जेवढा घाम जाईल तेवढं, नाहीतर पोटाला सोसेल तेवढं प्या. २००७ मध्ये त्याच संस्थेने भूमिका बदलली: वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटू देऊ नका, पण घामापेक्षा जास्तही पिऊ नका. आजही कानावर येणारे बरेचसे सल्ले १९९६ मधलेच असतात.

डॉक्टरांनी गोळी बदलली. नव्या गोळीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं असतं आणि असली गोळी आपल्या मनाने बंद करणं हा दुसरा धोका. नव्या गोळीवर बीपी रोज सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं, महिन्याभराने रक्त पुन्हा तपासायचं. एप्रिलमध्ये सोडियम १३९ आलं. तपासणीच्या पैशांबद्दल एक सूचना: ‘खेळात भाग घेण्यासाठी’ असं कारण कागदावर आलं की विमा कंपनी सहसा हात वर करते. माझे सगळे पैसे खिशातून गेले. आधीच लेखी विचारून घ्या, म्हणजे निदान हिशोब मांडता येतो.

मे महिन्यात खरं काम सुरू झालं: आपल्या अंगातून घाम किती जातो ते मोजणं. एक लिटर घाम म्हणजे जवळपास एक किलो, त्यामुळे घरचा वजनकाटा पुरतो. धावायच्या आधी लघवीला जाऊन यायचं आणि कपड्यांशिवाय वजन करायचं. मग शर्यतीच्या वेगाने तासभर धावायचं. बाटलीत पाणी किती भरलं आणि किती उरलं ते मोजून घ्यायचं. परत आल्यावर सगळे ओले कपडे काढायचे, अंग आणि केस टॉवेलने टिपायचे आणि पुन्हा वजन. घटलेलं वजन अधिक प्यायलेलं पाणी, मध्ये लघवी झाली असेल तर तेवढी वजा. हा झाला तासाचा घाम.

कागदावर सोपं, करताना गमती होतात. घामाने चिंब टी-शर्ट मी वेगळा मोजला, तर कोरड्यापेक्षा दीडशे ग्रॅम जास्त भरला. म्हणजे कपड्यांसकट उभं राहिलं तर तेवढा घाम अंगातून गेलेला असूनही काटा तो आपल्याच नावावर धरतो. घाईने अंग न पुसता उभी राहिले तेव्हा कोपरावरून थेंब ओघळत काट्याच्या काचेवर पडत होते आणि आकडा हलत नव्हता. बरोबरच आहे, थेंब माझ्या अंगावरून गेला तरी काट्यावरून गेला नव्हता. टॉवेल घेऊन खाली उतरले, काचही पुसली, तेव्हा कुठे खरं वजन कळलं. शिवाय काटा किती बारीक दाखवतो तेही बघा. माझा शंभर ग्रॅमच्या पायऱ्यांनी दाखवायचा. तासाला सातशे ग्रॅम मोजताना शंभराची चूक लहान नाही. म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नाही, तशाच हवेत पुन्हा मोजायचं.

बावीस अंश तापमानाला आधी ६२.४ किलो, नंतर ६१.९, मध्ये २०० मिलि पाणी. म्हणजे तासाला ७०० मिलि. तीस अंश आणि दमट हवेत तोच आकडा १०५० वर गेला. पहाटेच्या गारव्यात साडेचारशेच्या आसपास. बाई तीच, रस्ता तोच, आणि घाम दुपटीहून जास्त. माझ्याबरोबर धावणारा एक मित्र त्याच तीस अंशांना तासाला पावणेदोन लिटर घाम गाळतो. त्याने मला बाटलीचा सल्ला दिला असता, किंवा मी त्याला, तर दोघांपैकी एकाचं नक्की वाटोळं झालं असतं. या टोकाचा नामांकित माणूस म्हणजे अमेरिकन मॅरेथॉन धावक आल्बर्टो सालाझार. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या सुमारास त्याचा घाम तासाला सुमारे ३.७ लिटर मोजला गेला. जठरातून आतड्यात तासाला लिटरभर पाणी पुढे सरकलं तरी पुष्कळ, तेव्हा इतक्या घामाची भरपाई पिऊन होणं शक्यच नव्हतं.

घाम एवढा का जातो, यावरही माझा राग होता, तो थोडा निवळला. एक लिटर घाम अंगावरून वाळून गेला की जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. वाळला तरच. ठिबकून जमिनीवर पडलेला घाम गारवा देत नाही, पाणी मात्र नेतो. दमट दिवशी माणूस बेजार होतो तो यामुळे.

जूनमध्ये क्रीडावैद्यकाच्या एका प्रयोगशाळेत घामातलं सोडियम तपासून घेतलं. वेळ मिळायला तीन आठवडे लागले आणि पैसे चांगल्या बुटांच्या जोडीइतके. हाताची, मनगट आणि कोपर यांच्या मधली कातडी शुद्ध पाण्याने पुसली, कोरडी केली, त्यावर शोषून घेणारी चौकोनी पट्टी चिकटवली आणि ट्रेडमिलवर पळायला लावलं. अर्ध्या तासाने तिथल्या मुलीने चिमट्याने पट्टी काढून झाकणाच्या नळीत टाकली. तिचं बोट पट्टीला लागू नये याची किती काळजी! बोटावरचं मीठही आकडा बिघडवतं, म्हणाली. निकाल: लिटरला ३८ मिलिमोल. एक मिलिमोल सोडियम म्हणजे २३ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे साधारण ८७५ मिलिग्रॅम. माणसामाणसांत हा आकडा वीसपासून ऐंशीपर्यंत असतो, तेव्हा मी मधली. हातावरच्या घामात सोडियम बाकीच्या अंगापेक्षा थोडं जास्त येतं, हेही तिनेच सांगितलं. माझं मत विचाराल तर ही तपासणी हौसेची. टोपीवर मिठाचे पांढरे ओघळ उमटत असतील, घाम डोळ्यांत गेल्यावर झोंबत असेल, तर आपला घाम खारट आहे हे फुकटात कळतं. जे ठरवायचं होतं त्यातलं बरंचसं वजनकाट्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

मीठ घेतलं की पाण्याची भीती नाही, असा एक समज धावकांमध्ये फिरतो. डॉक्टरांनी तो खोडून काढला. रक्तात सोडियम १४० च्या घरात असतं, बाजारात मिळणाऱ्या खेळपेयांत साधारण वीसच्या आसपास. म्हणजे ते पेयसुद्धा रक्तापेक्षा पातळच. गरजेपेक्षा जास्त प्यायलं तर तेही सोडियम खालीच आणतं. मग ओआरएस का नको, असं मी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि तेवढंच ग्लुकोज असतं, कारण आतड्यात हे दोघे एकमेकांचा हात धरून आत जातात आणि पाठोपाठ पाणी येतं. जुलाबाच्या रोग्यासाठी ते अचूक. धावणाऱ्याला मात्र साखरही जास्त लागते. शेवटी माझ्या बाटलीसाठी सहा टक्के साखरेचं पेय ठरलं आणि बीपीमुळे मिठाच्या वेगळ्या गोळ्यांना सक्त मनाई झाली.

जुलैत स्ट्रेस टेस्ट. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी: छातीवर ईसीजीच्या तारा, दंडाला बीपीचा पट्टा आणि दर तीन मिनिटांनी ट्रेडमिलचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढ. चालणं सावकाश, पण पहिल्याच मिनिटाला पोटऱ्या बोलायला लागतात. रिपोर्ट चांगला आला, प्रमाणपत्र मिळालं, त्याच दिवशी अपलोड केलं. दहा दिवसांनी परत आलं. शिक्का पुसट आहे, नोंदणी क्रमांक वाचता येत नाही. पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग, या वेळी क्रमांक पेनाने ठळक लिहून घेतला. फोटो काढण्याऐवजी स्कॅन करा आणि पाठवण्याआधी मोठा करून बघा. ऑगस्टच्या मध्यावर ‘नोंदणी निश्चित’ अशी एका ओळीची मेल आली, तेव्हा मला धावल्यापेक्षा जास्त दमल्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास उन्हात सराव वाढवला. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. सवय झाली की घाम कमी येईल अशी माझी समजूत होती. उलट घडतं. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यात मीठ मात्र कमी असतं. तीस अंशांचा माझा आकडा १०५० वरून १२०० वर गेला. मे महिन्यातली वही घेऊन शर्यतीला गेले असते तर गणित कोलमडलं असतं. त्यामुळे मोजणी शर्यतीच्या जवळ पुन्हा करावी लागते.

मग आराखडा. शर्यतीच्या दिवशी तापमान सोळा ते तेवीस अंश अपेक्षित, म्हणजे घाम तासाला साधारण ६५० मिलि. पाच तासांत सव्वातीन लिटर. माझ्या ६२ किलोंचे दोन टक्के म्हणजे सव्वा किलो, तेवढी घट चालेल. राहिले दोन लिटर. हा खालचा आकडा आणि सव्वातीन लिटर हा वरचा. या दोघांच्या मध्ये, खालच्या बाजूला राहायचं: तासाला चारशे ते साडेचारशे मिलि, तहान लागेल तसं. दोन टक्के म्हणजे काही कड्याची धार नाही. वजनातली थोडी घट जळलेल्या इंधनाची असते, आणि स्नायूंतली साखर वापरली गेली की तिच्याबरोबर साठलेलं पाणीही मोकळं होतं. आमच्या मार्गावर दर पाच किलोमीटरला पाणी होतं, माझ्या वेगाने ते छत्तीस-सदतीस मिनिटांनी येणार होतं. म्हणून कमरेला अर्धा लिटरची बाटली आणि थांब्यावर एखादा कप.

पोटालाही शिकवावं लागतं. सुरुवातीला एका दमात दोनशे मिलि प्यायले की पुढची दहा मिनिटं पाणी पोटात डचमळायचं. घोट घोट प्यायची सवय लागायला लांब पल्ल्याचे बरेच रविवार गेले. कागदी कपाची युक्ती एका जुन्या धावकाने दाखवली: कप उचलल्या उचलल्या वरची कड चिमटीत दाबायची, चोच तयार होते, निम्मं पाणी नाकात जात नाही.

ऑक्टोबरचा तो रविवार. सुरुवात सातला, म्हणून तीनचा गजर. चार तास आधी किलोमागे पाच ते सात मिलि प्यायचं असतं, म्हणजे जास्तीचं लघवीवाटे निघून जायला वेळ मिळतो. साडेतीनशे मिलि पाणी पिऊन पुन्हा आडवी झाले, झोप अर्थातच नाही. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागच्या रकान्यात घरचा फोन नंबर, बीपीच्या गोळीचं नाव आणि ‘आधी सोडियम कमी होतं, सलाइनआधी रक्त तपासा’ असं न पुसणाऱ्या शाईने लिहिलं. ही ओळ डॉक्टरांनी सांगितलेली. शोष पडला काय किंवा पाणी जास्त झालं काय, डोकं दुखणं, मळमळ, भोवळ, बरळणं ही लक्षणं दोन्हींत सारखीच दिसतात, आणि उपाय मात्र उलटे.

पंचवीस किलोमीटरपर्यंत सगळं वहीप्रमाणे. तिसाव्याला पाय जड झाले. तिथली स्वयंसेवक मुलं इतक्या प्रेमाने ओरडत होती, “मावशी, प्या, प्या, अजून एक घ्या!” की नाही म्हणायला जीव होईना. एक कप घेतला, दुसरा डोक्यावर ओतला. कुणाचं मनही मोडत नाही आणि पोटही भरत नाही. दर थांब्यापाशी अंगठी फिरवून बघत होते. बोटं सुजून अंगठी रुतायला लागली तर पाणी साचतंय असं समजायचं, असं ठरवलं होतं. शेवटपर्यंत फिरत होती. चाळिसाव्याला तहान नव्हती, तो थांबा सोडला.

पाच तास अकरा मिनिटं.

वैद्यकीय तंबूतला काटा फक्त रुग्णांसाठी होता. मी माझा गाडीच्या डिकीत ठेवला होता, कारण दोन वेगळ्या काट्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. सकाळी याच कपड्यांत, बूट काढून ६२.८, आता ६१.७. ओल्या कपड्यांचे दीडशे ग्रॅम धरले तर घट सव्वा किलो, म्हणजे बरोबर दोन टक्के. प्यायलेलं पाणी सव्वादोन लिटरच्या आत-बाहेर.

नंतरचं कमी झालेल्या वजनाच्या दीडपट प्यायचं, पण एकदम नाही: माझे साधारण १.९ लिटर संध्याकाळपर्यंत पुरवले, खारट खाण्याबरोबर, नाहीतर सगळं लघवीत जातं. गुडघे ठणकत होते तरी दुखण्यावरची आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली नाही. त्या गटातल्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि पाणी धरून ठेवायला मदत करतात, बीपीवाल्यांना तर त्या एरवीही जपूनच. दुपारी लघवी झाली, रंग गडद पिवळा, रात्रीपर्यंत फिका. एक लक्षात असू द्या, बी जीवनसत्त्वाची गोळी घेतली असेल तर रंगावर जाऊ नका, ती सगळंच पिवळंधमक करते.

नोव्हेंबरात रक्त तपासलं, सोडियम १३९, बीपीही ठीक. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आणि माझ्या वहीची झेरॉक्स स्वतःच्या फाइलला लावून घेतली. थंडीचे आकडे अजून अपुरे आहेत. ते याच महिन्यात घ्यायचे आहेत, आणि त्याआधी पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा.